विदूषक कोण, हे आधी विचारू नका : जुन्या पॉप गाण्याचा अर्थ उलगडताना

अमेरिकन गायक-गीतकार डॉन मॅक्लीनचं 'अमेरिकन पाय' पहिल्यांदा ऐकणाऱ्या बहुतेकांची गत सारखीच होते. चाल लगेच तोंडी बसते, ध्रुवपद दुसऱ्या खेपेला आपणही म्हणू लागतो. साडेआठ मिनिटांनी गाणं संपतं तेव्हा लक्षात येतं, की यातलं आपल्याला फारसं कळलेलंच नाही. राजा कोण, राणी कोण? विदूषकाने मुकुट चोरला म्हणजे नेमकं काय झालं? मैदानावरचा बँड हटायला का तयार नाही? सैतान कशाला हसतोय? आणि ज्या दिवशी संगीत मेलं, तो दिवस कुठला?

असं एखादं गाणं उलगडायला जे पहिल्यांदाच बसताहेत त्यांच्यासाठी हे लिहितेय. उदाहरणाला हेच गाणं घेतलंय, कारण १९७१ पासून त्याच्यावर इतक्या लोकांनी डोकं चालवलंय की बरोबर वाटा आणि फसव्या वाटा दोन्ही त्यात नीट पाहता येतात. पद्धत मात्र कुठल्याही गाण्याला चालेल.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवते, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. गूढ ओळ आली की मनात पहिला प्रश्न उठतो, 'हा कोण?' तो थोपवून धरा. आधी विचारा, 'हा शब्द इथे काय करतोय?' पहिल्या प्रश्नाचं उत्तर एक नाव असतं. नाव सापडलं की आपण खूश होतो आणि ओळीकडे बघणंच सोडून देतो. दुसरा प्रश्न ओळीपाशी थांबायला लावतो.

पायरी पहिली : आधी कानांनी, मग डोळ्यांनी

सुरुवातीला शब्द वाचू नका. चार-पाच वेळा नुसतं ऐका आणि जे कानावर पडेल ते वहीत हाताने लिहून काढा. कळलं नाही तिथे जागा मोकळी सोडा. मग छापील शब्द समोर घ्या आणि फरक तपासा. अल्बमच्या कव्हरवर किंवा अधिकृत स्वरलिपीच्या पुस्तकात शब्द छापलेले असतील तर तेच प्रमाण माना, कारण इतरत्र फिरणारे शब्द कुणीतरी ऐकूनच उतरवलेले असतात. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. नाहीतर कुणी लिहिलीच नाही अशा ओळीचा अर्थ लावत बसायची पाळी येते.

सिल्व्हिया राइट या अमेरिकन लेखिकेने १९५४ साली आपल्या लहानपणची एक आठवण लिहिली. आई तिला एक जुनं स्कॉटिश कथाकाव्य वाचून दाखवायची. त्यात सरदाराला ठार करून 'लेड हिम ऑन द ग्रीन', म्हणजे हिरवळीवर निजवलं, अशी ओळ होती. मुलीने ऐकलं 'लेडी माँडेग्रीन'. सरदाराच्या सोबतीने प्राण देणारी ती बाई तिच्या मनात कितीतरी वर्षं राहिली. अशा चुकीच्या ऐकण्याला इंग्रजीत आजही माँडेग्रीन म्हणतात.

याचं मोठं उदाहरण द किंग्समेन या बँडने १९६३ मध्ये गायलेलं 'लुई लुई'. गायकाचे शब्द इतके अस्पष्ट की त्यात अश्लील मजकूर आहे अशी हाकाटी झाली. तक्रारी थेट एफबीआयपर्यंत गेल्या, चौकशी झाली, रेकॉर्ड वेगवेगळ्या वेगाने वाजवून पाहिली, आणि शेवटी निष्कर्ष निघाला की कुठल्याही वेगाला शब्द कळत नाहीत. मूळ गाणं रिचर्ड बेरीचं, १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेलं. त्यात एक खलाशी दारूच्या गुत्त्यावरच्या माणसाला सांगतोय की जमैकात माझी प्रेयसी वाट बघतेय, मला परत जायचंय. बस्स, एवढंच. ज्यांना घाण ऐकायची होती त्यांना ती ऐकू आली.

'अमेरिकन पाय'मध्ये कानाची खरी परीक्षा तिसऱ्या कडव्यात आहे. मार्क्सवरचं पुस्तक कोण वाचतंय, लेनिन की लेनन? काही ठिकाणी एक छापलेलं असतं, काही ठिकाणी दुसरं. मार्क्स म्हटला की रशियातला क्रांतिकारक आठवतो, पण लगेच पुढे चौघांचा ताफा बागेत सराव करताना दिसतो आणि मन लिव्हरपूलच्या बीटल्स या चौघांच्या बँडमधल्या जॉन लेननकडे वळतं. अशा जागी एक पर्याय खोडून टाकायची घाई करू नका. श्लेष दोन्ही अर्थांवर पाय ठेवूनच उभा असतो, एक काढून घेतला तर तो पडतो.

पायरी दुसरी : सरळ अर्थ लिहून काढा

शाळेत व्याकरणात शब्दाच्या तीन शक्ती शिकवल्या होत्या. अभिधा म्हणजे सरळ अर्थ. सरळ अर्थ बसत नाही म्हणून त्याला लगटून असलेला अर्थ घ्यावा लागतो ती लक्षणा. आणि या दोन्हींच्या पलीकडचं जे सुचवलं जातं ती व्यंजना. नवखा माणूस गाणं हातात आलं की थेट व्यंजनेवर उडी मारतो. माझा आग्रह आहे, अभिधेपासून सुरू करा. प्रत्येक कडव्याखाली साध्या मराठीत लिहा, इथे काय घडतंय. कोण बोलतंय, कुणाशी, कुठे, केव्हा.

ही पायरी गाळली तर काय होतं ते ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या १९८४ च्या 'बॉर्न इन द यू.एस.ए.'चं झालं. ध्रुवपद मुठी उंचावून म्हणावं असं आहे, त्यामुळे कितीतरी लोकांनी ते देशाभिमानाचं गाणं मानलं. कडवी वाचली तर व्हिएतनामहून परतलेला, नोकरी न मिळालेला, कुठेच थारा नसलेला माणूस बोलतोय. 'एव्हरी ब्रेथ यू टेक' हे द पोलिसचं १९८३ चं गाणं लग्नात वाजतं, आणि त्यातला माणूस सोडून गेलेल्या बाईच्या प्रत्येक हालचालीवर पाळत ठेवून आहे. ते लिहिणाऱ्या स्टिंगने स्वतःच ते प्रेमगीत नसल्याचं सांगितलंय. या दोन्ही गाण्यांत दडलेलं काहीच नाही. अर्थ कडव्यांमध्ये उघडाच पडलेला आहे.

आता आपल्या गाण्याचा सरळ अर्थ. सुरुवातीला एक माणूस आठवण सांगतो. पूर्वी संगीत ऐकून हसू यायचं, आपणही लोकांना नाचवू असं वाटायचं, पण फेब्रुवारीत घरोघरी पेपर टाकताना अंगावर काटा आला, दारात वाईट बातमी होती, कुणाची तरी नवी नवरी विधवा झाली होती. दुसऱ्या कडव्यात शाळेच्या जिममधला नाच, आवडती मुलगी दुसऱ्याबरोबर, आणि हा एकटा मुलगा. तिसऱ्यात दहा वर्षं उलटलीत आणि राजा, राणी, विदूषक आलेत. चौथ्यात उन्हाळ्याची तलखी, खेळाचं मैदान, कवायतीचा बँड. पाचव्यात सगळे एका जागी जमलेत, मंचावर कुणीतरी आहे, ज्वाळा उठताहेत, सैतान हसतोय. सहाव्यात एक गाणारी मुलगी भेटते, जिथे पूर्वी संगीत ऐकलं त्या पवित्र दुकानात 'आता ते वाजणार नाही' असं सांगतात, चर्चच्या घंटा फुटलेल्या आहेत, आणि तिघे शेवटची गाडी पकडून किनाऱ्याकडे निघून जातात.

एवढं लिहून झालं की सर्वनामांना गोल करा. ही सवय मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलीय. सुरुवातीला 'मी' आहे, एकटा पोरगा. दहा वर्षांनंतरच्या कडव्यापासून तो 'आम्ही' होतो: आम्ही अंधारात शोकगीतं गायली, आम्ही नाचायला उठलो. मंचासमोर पुन्हा 'मी', मुठी आवळलेला. शेवटी दुकानाच्या दारातला 'मी', पुन्हा एकटा. म्हणजे एकही कोडं न सोडवता आपल्या हाती गाण्याचा सांगाडा आला. एकटा मुलगा घोळक्यात शिरतो, घोळका उधळतो, माणूस परत एकटा पडतो.

आता चालही ऐका. गाणं संथ सुरू होतं, मग वेग घेतं, आणि शेवटच्या कडव्यात पुन्हा मंदावतं. 'आम्ही' वेगात आहे, दोन्ही टोकांचा 'मी' संथ. शब्द जे सांगताहेत तेच चाल सांगते आहे. तुमचा अर्थ चालीच्या विरुद्ध जात असेल तर तो पुन्हा तपासा.

पायरी तिसरी : काळाची पट्टी आखा

वहीच्या एका पानावर आडवी रेघ ओढा. उजव्या टोकाला गाणं प्रसिद्ध झालं ते वर्ष लिहा, इथे १९७१. त्या टोकाच्या पलीकडचं काहीही गाण्यात असू शकत नाही. ही साधी चाळणी आहे आणि तिने बरेच सिद्धांत गळून पडतात.

मग गाण्यातूनच मिळणारे काळाचे धागे रेघेवर मांडा. फेब्रुवारी आणि संगीताचा मृत्यू यांचा संबंध पक्का आहे. ३ फेब्रुवारी १९५९ रोजी मध्यरात्रीनंतर आयोवा राज्यातल्या क्लिअर लेकजवळ एक छोटं विमान कोसळलं. बडी हॉली, रिची व्हॅलेन्स आणि 'द बिग बॉपर' म्हणून गाजलेले जे. पी. रिचर्डसन असे तीन गायक गेले, तरुण वैमानिकही गेला. हॉली २२ वर्षांचा होता, व्हॅलेन्स अवघा १७. हॉलीच्या लग्नाला सहा महिनेही झाले नव्हते, म्हणून ती विधवा नवरी. मॅक्लीन तेव्हा न्यू यॉर्कजवळच्या न्यू रोशेल गावात १३ वर्षांचा होता आणि खरोखर पेपर टाकायचा. ज्या अल्बममध्ये हे गाणं आहे तो त्याने बडी हॉलीलाच अर्पण केलाय.

'दहा वर्षं' १९५९ मध्ये मिळवली की १९६९ येतं. रेघेची दोन टोकं मिळाली.

यानंतरचा शोध मला फार आवडतो. गाण्यात विखुरलेली दुसऱ्या गाण्यांची नावं आणि शब्द वेचून काढा आणि प्रत्येकाचं वर्ष लिहा. ध्रुवपदातली मरणाची ओळ हॉलीच्याच १९५७ च्या 'दॅटल बी द डे'ला वळसा घालून येते. दुसऱ्या कडव्यातलं प्रेमाचं पुस्तक म्हणजे द मोनोटोन्सचं १९५८ चं 'बुक ऑफ लव्ह', आणि कोटावरचं गुलाबी कार्नेशन मार्टी रॉबिन्सच्या १९५७ च्या गाण्यातलं. चौथ्या कडव्यात द बर्ड्सचं १९६६ चं 'एट माइल्स हाय', शिवाय उडून जाणारे पक्षी आहेतच, आणि बीटल्सचं १९६८ चं 'हेल्टर स्केल्टर'. पाचव्यात रोलिंग स्टोन्सच्या १९६८ च्या गाण्यातला जॅक फ्लॅश. वर्षं कडव्यांबरोबर पुढे सरकताहेत. कवीने काळाची पट्टी स्वतःच आखून ठेवली होती, तुम्ही ती वहीत उतरवली इतकंच.

पायरी चौथी : तीन रंग

आता खुणांची पाळी. तीन रंगांच्या पेन्सिली घ्या. एक 'पक्कं' यासाठी, एक 'दाट शक्यता' आणि एक 'अंदाज'. समासात लिहिलेलं प्रत्येक स्पष्टीकरण या तिन्हींपैकी एका रंगातच लिहायचं. विमान अपघात, पेपर टाकणारा मुलगा : पक्कं. बाकी बरंचसं दुसऱ्या आणि तिसऱ्या रंगात जाणार आहे आणि जाऊ द्यावं.

दाट शक्यता कशी ओळखायची, ते पाचव्या कडव्यात दिसतं. मंच, त्यावरचा जॅक फ्लॅश, आग, नरकात जन्मलेला देवदूत, बघणाऱ्याचा संताप. ६ डिसेंबर १९६९ ला कॅलिफोर्नियात आल्टामाँट इथे रोलिंग स्टोन्सचा मोफत कार्यक्रम झाला. मंचाच्या बंदोबस्ताला हेल्स एंजल्स ही मोटरसायकलवाल्यांची टोळी होती आणि गाणी चालू असतानाच मंचासमोर एका १८ वर्षांच्या तरुणाचा भोसकून जीव घेतला गेला. एकाच कडव्यातल्या चार-पाच खुणा एकाच रात्रीकडे बोट दाखवतात, आणि पट्टीवर ती रात्र बरोबर दहा वर्षांच्या टोकाला बसते. एक खूण योगायोगाने जुळू शकते. शेजारशेजारच्या पाच खुणा जुळल्या तर मी दुसरा रंग विश्वासाने वापरते.

आता विदूषक. इथे थोडं थांबू.

विदूषक म्हणजे अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलन, हे इतक्यांदा सांगितलं गेलंय की अनेकांना ते गाण्यातच लिहिलंय असं वाटतं. पुरावा आहेही. विदूषकाच्या अंगात हॉलिवूडचा नट जेम्स डीन याच्याकडून उसना घेतलेला कोट आहे, आणि डिलनच्या १९६३ च्या अल्बमच्या कव्हरवर तो तसल्याच ऐटीत आखूड जाकीट घालून चालतोय. पुढे विदूषक प्लास्टर घालून मैदानाबाहेर बसलाय, आणि जुलै १९६६ मध्ये डिलनला मोटरसायकलचा अपघात झाला होता. त्यानंतर तो बराच काळ दौऱ्यांपासून दूर राहिला. मग राजा एल्व्हिस प्रेस्ली, कारण त्याला रॉक अँड रोलचा राजा म्हणतच.

इतपत ठीक. आता किल्ली पुढच्या ओळींना लावून बघा. एल्व्हिस राजा तर राणी कोण? कोर्ट कुठलं, खटला कशाचा, निकाल का लागला नाही? उत्तरं शोधणारे शोधतातच, पण प्रत्येक उत्तराला नवा आधार द्यावा लागतो. नवख्यांनी हा नियम लिहून ठेवावा: किल्ली शेजारच्या ओळीचं कुलूपही उघडत नसेल तर तिचा रंग एका पायरीने खाली आणा. शिवाय २०१७ च्या एका मुलाखतीत खुद्द डिलनने हा विदूषक आपण असल्याचं मानलं नाही, मॅक्लीनलाच विचारा म्हणाला. आणि २०२२ मध्ये या गाण्यावर आलेल्या माहितीपटात मॅक्लीनने राजा म्हणजे एल्व्हिस नव्हे आणि विदूषक म्हणजे डिलन नव्हे, असं सांगितलं.

मग पन्नास वर्षांचं डोकं खाजवणं वाया गेलं का? मला तसं वाटत नाही. आता दुसरा प्रश्न विचारा. विदूषक इथे काय करतोय? दरबारात राजाच्या तोंडावर खरं बोलायची मुभा असलेला एकच माणूस असतो, विदूषक. त्याचा आवाज 'तुमच्या-आमच्यातून' आलेला आहे. राजाची नजर खाली असताना तो मुकुट उचलतो, आणि तो मुकुट सोन्याचा नाही, काट्यांचा आहे. काट्यांचा मुकुट ख्रिस्ताच्या डोक्यावर होता. म्हणजे जे पळवलं गेलं ती सत्ता आहे आणि यातनाही आहे. हे योग्य झालं की अयोग्य, याचा निकाल लागतच नाही, कोर्ट उठतं. नाच-गाण्याचं राज्य संपून बोलक्या, बोचऱ्या गाण्यांचं राज्य आलं, आणि त्याने भलं झालं की वाईट ते अजून कुणी ठरवलेलं नाही. डिलनचं नाव न घेता ओळ उघडली. डिलनची सावली तिच्यावर पडलीय असं मला आजही वाटतं, माझ्या वहीत ती तिसऱ्या रंगात आहे.

याच पायरीवर यमकाकडेही बघा, कारण काही शब्द केवळ यमकासाठी आलेले असतात. ध्रुवपदात शेवी गाडी घेऊन लेव्हीवर, म्हणजे नदीच्या बांधावर, जायचं आणि लेव्ही कोरडी असायची. शेवी, लेव्ही. मग मित्र व्हिस्की आणि राय पितात. राय हीसुद्धा व्हिस्कीच असते, म्हणून कुणी म्हणतं, ही न्यू रोशेलजवळच्या राय गावाची खूण. असेलही. पण 'पाय', 'ड्राय' आणि 'डाय' यांच्या रांगेत 'राय' इतका सहज बसतो की त्याला आणखी कारण लागत नाही. 'स्केल्टर'च्या मागोमाग येणारे 'स्वेल्टर' आणि 'शेल्टर' तसेच. हे ऐकून काहींचा हिरमोड होतो. मला उलट वाटतं. बांध कोरडा आहे, एवढी गोष्ट मात्र यमकाने सुचवली असली तरी ठेवली कवीने, कारण जिथे पाणी असायला हवं तिथे नाही, ही भावना गाण्यात सगळीकडे भरून आहे.

पायरी पाचवी : लिहिणाऱ्याचं म्हणणं ऐका, पण वेळेवर

मुलाखती या टप्प्याआधी वाचू नका. तुमचा स्वतःचा कच्चा अर्थ तयार झाल्यावर वाचा.

लिहिणारा कधी साधं कारण सांगतो आणि ते खरंही असतं. बीटल्सच्या १९६७ च्या 'लूसी इन द स्काय विथ डायमंड्स'ची आद्याक्षरं जोडली की एलएसडी होतं, म्हणजे एका नशेच्या पदार्थाचं नाव. जॉन लेनन शेवटपर्यंत सांगत राहिला, की आपल्या छोट्या मुलाने वर्गमैत्रिणीचं चित्र काढून आणलं, नाव त्याचंच, आणि दृश्यं लुईस कॅरलच्या 'अॅलिस'च्या पुस्तकांतून सुचली. सायमन आणि गारफंकलच्या १९७० च्या 'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर'मधली रुपेरी मुलगी म्हणजे नशेची सुई, असंही बोललं जायचं. पॉल सायमनच्या तेव्हाच्या पत्नीला डोक्यात पहिले पांढरे केस दिसले होते, त्यावरून ती ओळ आली. रुपेरी, इतकं सरळ.

कधी लिहिणारा मुद्दाम चकवतो. आपल्या जुन्या शाळेत बीटल्सच्या गाण्यांचा अर्थ लावायला देतात असं कळल्यावर लेननने 'आय अॅम द वॉलरस'मध्ये अर्थ लागू नये अशा ओळी रचल्या. कधी लिहिणाऱ्याच्या डोक्यातही नसलेला संदर्भ वाचणारे शोधून काढतात. प्रोकोल हारमच्या १९६७ च्या 'अ व्हाइटर शेड ऑफ पेल'मध्ये पीठगिरणीवाला गोष्ट सांगतो, त्यावरून अभ्यासकांनी थेट चॉसर या जुन्या इंग्रज कवीची गिरणीवाल्याची गोष्ट गाठली. गीतकार कीथ रीडने आपण ती वाचलीच नव्हती असं सांगितलं.

मॅक्लीनने कित्येक वर्षं ओळीओळीचं स्पष्टीकरण द्यायला नकार दिला. २०१५ मध्ये गाण्याचं हस्तलिखित लिलावात १२ लाख डॉलरला विकलं गेलं, तेव्हा त्याने एवढंच सांगितलं की गाण्यात गोष्टी चुकीच्या दिशेने चालल्यात आणि एका अर्थाने ते नीतीचं गाणं आहे. त्या कागदांत संगीत पुन्हा जिवंत होईल अशी आशा दाखवणारं एक कडवंही होतं, ते गाण्यात आलं नाही. गाळलेलं कडवं मिळालं तर सोनं समजा. काय ठेवलं याइतकंच काय काढलं हेही बोलतं. आशेचा दरवाजा लिहून झाला होता आणि कवीने तो बंद केला.

पायरी सहावी : फसव्या वाटा ओळखा

इथे फार वेळ घालवायची गरज नाही, दोन-तीन खड्डे माहीत असले की पुरे. पहिला खड्डा गोड दंतकथेचा. कोसळलेल्या विमानाचं नाव 'अमेरिकन पाय' होतं, असं अजूनही सांगितलं जातं. त्या बीचक्राफ्ट बोनान्झा विमानाला असं काही नाव नव्हतं, फक्त नोंदणी क्रमांक होता. दुसरा खड्डा, सगळं जुळतंय असं वाटण्याचा. १९६९ च्या शरद ऋतूत बीटल्सचा पॉल मॅकार्टनी मेला आहे आणि त्याच्या जागी तोतया आहे अशी अफवा पसरली. लोकांनी रेकॉर्डी उलट्या वाजवून आणि कव्हरवरचे अनवाणी पाय मोजून पुरावे गोळा केले. मॅकार्टनी तेव्हा स्कॉटलंडमधल्या आपल्या शेतावर बायकोमुलांबरोबर होता. पुरावे ढीगभर होते, फक्त प्रत्येक पुरावा निष्कर्ष ठरल्यावर शोधलेला होता.

म्हणून आपल्या सिद्धांताला एक परीक्षा द्या. तोच सिद्धांत दुसऱ्या, संबंध नसलेल्या गाण्याला लावून बघा. 'हे सगळं नशेबद्दल आहे' किंवा 'हे सगळं युद्धाबद्दल आहे' हे तिथेही तितकंच बसत असेल, तर तुम्ही गाणं वाचलेलंच नाही.

पायरी सातवी : शेवटाकडून सुरुवातीकडे

शेवटी गाणं उलट्या क्रमाने वाचा, सहावं कडवं आधी, पहिलं शेवटी. आल्टामाँट आणि डिलन शोधताना जे निसटलं होतं ते मला इथे सापडलं.

किनाऱ्याकडे निघून गेलेले ते तिघे. 'कोण?' विचारलं तर उत्तर लगेच तयार असतं : विमानात गेलेले तीन गायक. पण कवीने नावं दिलीत, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. ते इथे काय करताहेत? आता मागे या, दुसऱ्या कडव्याकडे. नाच सुरू होण्याआधी तो मुलगा ओळीने काही प्रश्न विचारतो. वर देव आहे यावर तुझा विश्वास आहे का? संगीत आत्म्याला तारू शकतं का? पहिल्यांदा ऐकताना हे प्रश्न मुलीशी बोलायचं निमित्त वाटतात आणि आपण ते सोडून जिमकडे धावतो. त्यांची उत्तरं पूर्ण गाणं झाल्यावर, शेवटच्या कडव्यात मिळतात. दुकानातला माणूस सांगतो, संगीत वाजणार नाही. घंटा फुटलेल्या आहेत. आणि ज्याच्यावर विश्वास ठेवायचा तो देवच शेवटची गाडी पकडून गेलाय.

माझ्या वहीत या दोन कडव्यांमध्ये पानभर लांब बाण आहे. त्याला मी पहिला रंग दिलाय, कारण त्याचा पुरावा गाण्याच्या आतच आहे, कुठल्या कव्हरवर किंवा मुलाखतीत नाही. तुमची वही भरल्यावर असे आतल्या आतले बाण किती निघाले ते मोजा. नंतर दुसरं गाणं घ्यायचं असेल तर 'अ व्हाइटर शेड ऑफ पेल' घ्या. रीडने चार कडवी लिहिली होती, रेकॉर्डवर दोनच आली. आधी त्या दोन कडव्यांवर सगळ्या पायऱ्या करा, तीन रंगांत खुणा करा, आणि मगच उरलेली दोन शोधून वाचा.